लायसन्स विचारणाऱ्या विमलताई

विमलताई तायडे यांच्या टायपिंग क्लासची पायरी मी पहिल्यांदा चढले ती वडिलांचं बोट धरल्यासारखी, त्यांच्या मागे मागे. बारावी झाली होती. आमचं मूळ गाव लोणार तालुक्यातलं बीबी, पण वडील पोस्टात नोकरीला आणि बदली मोताळ्याला. मुलीला हाताला काही काम यावं म्हणून ते मला घेऊन आले होते. दारावर एक फळा टांगलेला होता. बाकीच्या क्लासच्या दारात पास झालेल्या मुलामुलींचे फोटो लावलेले असतात. या फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'या सत्रात मराठी टायपिंगमध्ये आमचे बरेच विद्यार्थी नापास झाले. सराव कमी पडला. दोष शिकवणाऱ्यांचा आहे. पुढच्या सत्रात मराठीची बॅच अर्धा तास जास्त चालेल.'

मी चकित होऊन वडिलांकडे पाहिलं. मला वाटलं, आता ते मागे फिरणार. वडिलांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "इथंच नाव टाकू. जी बाई नापास झालेलं झाकत नाही, ती शिकवताना काय झाकणार?"

आत टंकयंत्रांचा खडखडाट चालू होता आणि त्या आवाजात ताई एका मुलीच्या बोटांकडे पाहत उभ्या होत्या. त्यांनी मान वर न करताच मला सांगितलं, "चपला बाहेर काढ आणि नखं काप. मग बस." ताईंची आणि माझी ओळख झाली ती अशी. त्याला तीसेक वर्षं झाली असतील. आधी मी त्यांची विद्यार्थिनी होते, नंतर त्यांच्याच क्लासमध्ये शिकवू लागले आणि आज त्यांच्या देखरेखीखाली क्लास सांभाळते.

ताई मूळच्या सोनाळ्याच्या. आईवडील दुसऱ्यांच्या शेतात राबणारे. घरात शाळेत गेलेल्या त्या पहिल्याच. टायपिंग आणि लघुलेखन शिकून त्यांनी काही वर्षं एका वकिलांकडे काम केलं. यजमान लवकर गेले तेव्हा चिरंजीव प्रमोद प्राथमिक शाळेत होते. ताईंनी मोताळ्यात जुनी टंकयंत्रं मिळवून क्लास काढला आणि मुलाला वाढवलं. तालुक्यातल्या कितीतरी कचेऱ्यांमध्ये, शाळांमध्ये, न्यायालयात आज जी माणसं खुर्चीवर बसून टंकलेखन करतात, त्यांची बोटं ताईंनी वळवलेली आहेत. हे सगळे जाणतात आणि ताईंच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात इतरांनी ते माझ्यापेक्षा चांगलं लिहिलं असेल.

मला जे सांगायचं आहे ते वेगळं आहे. ताईंच्या सहवासात आदर वाटला, माया मिळाली, हे खरंच. पण सगळ्यात जास्त काय मिळालं असेल तर धक्के. त्यातला मोठा धक्का आम्हाला बसला तो संगणक आले तेव्हा.

टंकयंत्रावरच्या सरकारी परीक्षा बंद होऊन त्या संगणकावर होणार असं जाहीर झालं. जिल्ह्यातल्या कितीतरी क्लासवाल्यांनी दुकान आवरलं. ताई तेव्हा पासष्टीच्या घरात होत्या. लोकांना वाटलं, आता बाई थांबतील. ताईंनी मात्र संगणक घ्यायचं ठरवलं. घेणार कुणाकडून, हा प्रश्नच नव्हता. प्रमोदभाऊंचं बुलढाण्याला संगणकांचं दुकान होतं. जिल्हाभर त्यांची गिऱ्हाइकं होती. दवाखाने, कृषी केंद्रं, शाळा, पतसंस्था. आईच्या क्लाससाठी त्यांनी स्वतः येऊन, हौसेने दहा-बारा नवे संगणक मांडले. वायरी भिंतीला नीट बसवल्या. नवे पडदेसुद्धा त्यांनीच आणले.

उद्घाटनाला गावातली प्रतिष्ठित मंडळी, पालक, जुने विद्यार्थी असे सगळे जमले. सूनबाई आणि नात बुलढाण्याहून आल्या होत्या. पेढे वाटून झाले होते. फीत कापायच्या आधी ताई म्हणाल्या, मी एक स्वागताची ओळ टाइप करून ठेवते. त्या पहिल्या संगणकासमोर बसल्या. ताईंना एक सवय आहे. समोर जी अक्षरं येतील ती सगळी वाचायची, एकही सोडायचं नाही. काहीतरी दाबलं गेलं आणि पडद्यावर त्या संगणकाची माहिती उघडली. त्यात ऑपरेटिंग सिस्टीमच्या खाली, लायसन्स कुणाच्या नावावर आहे तिथे, दूरच्या कुठल्यातरी शहरातल्या कॉलेजचं नाव होतं. ताईंनी शेजारचा संगणक पाहिला. तेच नाव. तिसरा पाहिला. तेच.

मी त्यांच्या मागेच उभी होते. त्यांनी प्रमोदभाऊंना हाक मारली.

"प्रमोद, हे कोनतं कॉलेज हाय?"

"काही नाही आई, ते तसंच येते."

"तसंच येते म्हंजे? मशीन आपली, मंग नाव दुसऱ्याचं काऊन?"

प्रमोदभाऊ खाली वाकून हळू आवाजात म्हणाले, "त्या कॉलेजले लय मशीनीसाठी एकच नंबर भेटलेला हाय. तो सगळे वापरतात. साऱ्या जिल्ह्यात असंच हाय, आई. बंद कर ते. लोक वाट पाहून राह्यले."

"आपल्यासाठी तू इकत नाही घेतलं?"

"मशीन घेतल्या नं नव्या!"

"मी मशीनीचं नाही इचारून राह्यली."

ताई उठल्या. मला वाटलं, आता फीत कापतील आणि हे घरात बसून बोलतील. त्या दाराशी आल्या आणि जमलेल्या माणसांपुढे हात जोडून शुद्ध भाषेत बोलल्या, "आपण सगळे आलात, आभारी आहे. या संगणकांमध्ये जी ऑपरेटिंग सिस्टीम घातली आहे, तिचं लायसन्स आपलं नाही. दुसऱ्या कुणाच्या नावावरचं आहे. हे संगणक माझ्या मुलाने बसवले आहेत. आज क्लास सुरू होणार नाही. चहा तयार आहे, घेतल्याशिवाय कुणी जाऊ नये."

माझ्या हातात उरलेल्या पेढ्यांचं ताट होतं. ते कुठे ठेवावं हे मला सुचेना. कुणी चहाला हात लावला नाही, कुणी उठलंही नाही. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय, हे जमलेल्यांपैकी निम्म्यांना ठाऊक नव्हतं. पण आईने मुलाबद्दल काय सांगितलं, ते सगळ्यांना कळलं होतं. प्रमोदभाऊंनी हेल्मेट उचललं आणि ते माणसांमधून वाट काढत निघून गेले. सूनबाई नातीला घेऊन त्यांच्या मागे धावल्या. दुसऱ्या दिवशी दुकानातले कामगार आले आणि सगळे संगणक उचलून घेऊन गेले.

मोताळ्याच्या आठवडी बाजारात तोच एक विषय. "सख्ख्या मायनं पोराले भर सभेत चोर म्हटलं बे." मलाही ते पटलं नव्हतं. मी धीर करून ताईंना म्हटलं, "ताई, बाहेरच्या माणसांसमोर त्यांना चोर म्हणायला नको होतं."

ताई माझ्याकडे पाहतच राहिल्या. "मी चोर म्हटलं नाही, शोभा. मी 'माझा मुलगा' म्हटलं."



आम्हा शिकवणाऱ्यांना त्यांनी जवळ बसवून सगळं समजावलं. संगणक विकत घेतला म्हणजे त्याला चालवणारी ऑपरेटिंग सिस्टीम आपली झाली, असं होत नाही. तिचा परवाना वेगळा. एका मुलीने विचारलं, "एकच नंबर साऱ्याइले चालते तर चालू द्या नं, काय बिघडते?" ताई म्हणाल्या, "एका पोरीच्या हॉल तिकिटावर धा पोरी परीक्षेले बसवल्या तं चालते काय?" सगळ्या हसल्या, पण समजल्या. मी सुचवलं, ऑफिसातला जुना संगणक आता मोडीत निघालाय, त्याच्या डब्यावर लायसन्सचा स्टिकर आहे, तोच नव्या मशीनला वापरू. ताईंनी चौकशी केली. कळलं की मशीनसोबत आलेलं लायसन्स त्या मशीनपुरतंच असतं. मशीन गेलं की तेही गेलं. ताई मला म्हणाल्या, "जनावराच्या कानातला बिल्ला हाय तो. दुसऱ्या जनावराले लावता येत नाही." स्वतंत्र विकत घेतलेलं लायसन्स मात्र एका मशीनवरून काढून दुसऱ्यावर नेता येतं. आणि संस्थांना जे स्वस्तात मिळतं ते बहुधा फक्त अपग्रेडचं असतं, त्याच्या खाली मूळ लायसन्स असावंच लागतं. या वयात त्यांनी हे सगळं विचारून विचारून माहीत करून घेतलं.

खऱ्या लायसन्सचे संगणक आले, पण ते मोजकेच. त्यामुळे बॅचेस पहाटेपासून संध्याकाळपर्यंत लावाव्या लागल्या. पुष्कळ मुलं दुसऱ्या क्लासमध्ये गेली, तिथे थांबावं लागत नव्हतं. ताई एका शब्दाने कुणाला बोलल्या नाहीत. प्रमोदभाऊंनी मोताळ्याला येणं बंद केलं. सणावाराला सूनबाई नातीला घेऊन येत आणि जाताना ताई प्रमोदभाऊंसाठी डबा देत. तो डबा रिकामा होऊन परत येई. निरोप मात्र काही येत नसे.

अशा दिवसांतही ताई दुसऱ्यांसाठी कशा उभ्या राहत, ते इथे सांगायला हवं. माझ्या लघुलेखनाच्या परीक्षेच्या दिवशीच सासूबाईंना बुलढाण्याच्या दवाखान्यात दाखल करावं लागलं. मी परीक्षेवर पाणी सोडलं होतं. सकाळी पाहते तर ताई एस.टी.ने येऊन वॉर्डाच्या दारात उभ्या. "तू पेपर दे. बुढीजवळ मी बसते." दिवसभर बसल्या. संध्याकाळी सासूबाईंनी तक्रार केली, "ह्या बाईनं मले अख्खा पेपर वाचून दाखवला. जाहिरातीसकट. डोळा लागू नाही देल्ला." पण पुढे बऱ्या होईपर्यंत त्या रोज विचारत, "तुई बाई आज येनार हाय का?"

आणि मग तो दिवस आला. ऑपरेटिंग सिस्टीम बनवणाऱ्या कंपनीच्या वतीने तक्रार झाली होती आणि बुलढाण्याच्या काही दुकानांवर पोलीस गेले. प्रमोदभाऊंच्या दुकानातले संगणक जप्त झाले, त्यांना ठाण्यात नेलं. सूनबाईंचा रडत फोन आला तेव्हा ताई सकाळच्या बॅचला शिकवत होत्या. त्यांनी बॅच पूर्ण केली नाही. इतक्या वर्षांत मी हे पहिल्यांदा पाहिलं. मी त्यांच्यासोबत निघाले. बसमध्ये त्या पिशवीचा बंद बोटाला गच्च गुंडाळून बसल्या होत्या.

ठाण्यात हवालदारांनी खुर्ची दिली. समोरच्या बाकावर प्रमोदभाऊ बसलेले, मान खाली. चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी सौम्यपणेच विचारलं, "बाई, तुमच्या क्लासलासुद्धा यांनी अशाच मशीन दिल्या होत्या, असं कानावर आलंय. खरं आहे का? तुम्ही आई आहात, सांगायलाच पाहिजे असं माझं म्हणणं नाही."

प्रमोदभाऊंनी मान वर केली. मी मनात म्हणत होते, ताई, नाही म्हणा. नाहीतर गप्प तरी बसा. त्या मशीन केव्हाच परत गेल्या आहेत. कुणाला काय कळणार आहे?

"हो," ताई म्हणाल्या. "दिल्या होत्या. मी वापरल्या नाहीत, परत गेल्या."

अधिकारी क्षणभर लिहायचे थांबले. सूनबाईंनी पदर तोंडाला लावला. ताईंनी पुढचा प्रश्न विचारला, तो त्याच सुरात, "आता मी याच्याजवळ बसू का?"

परवानगी मिळाली. त्या जाऊन मुलाशेजारी बाकावर बसल्या. प्रमोदभाऊ दात आवळून म्हणाले, "तू घरी जाय, आई."

"जाईन. तुले घेऊन जाईन."

सगळी दुपार त्या तिथेच बसून राहिल्या. दोघंही एकमेकांकडे पाहत नव्हती. वकिलांनी जामिनाची व्यवस्था केली आणि ताई मुलाला घेऊनच बाहेर पडल्या. खरोखरच घेऊन, म्हणजे हाताला धरून.

पुढे वकिलांमार्फत तडजोड झाली. ज्या ज्या गिऱ्हाइकांना अशी मशीन दिली, त्यांना प्रमोदभाऊंनी खरी ऑपरेटिंग सिस्टीम बसवून द्यायची, असं ठरलं. प्रमोदभाऊ म्हणाले, फोन करून कळवतो. ताई म्हणाल्या, "फोनवर नको. तोंडानं सांग, समोर जाऊन. मी येते संगं." आणि सत्तरीला टेकलेल्या ताई मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसून गावोगाव निघाल्या. लांबच्या गावांना एस.टी.ने.

सोनाळ्याचे कृषी केंद्रवाले ताईंच्या माहेरचे, ओळखीतले. त्यांनी सगळं ऐकलं आणि हसले. "मले काय फरक पडते बे प्रमोद? चालून राह्यलं नं मशीन? मंग राहू दे." ताईंनी पुष्कळ सांगून पाहिलं. ते काही ऐकेनात. वर आग्रहाने जेवू घातलं. प्रमोदभाऊ ताईंना म्हणाले, "पाह्य, लोकाइले काही पडलं नाही."

बीबीला मी सोबत गेले, कारण तिथले डॉक्टर आमच्या माहेरचे जुने डॉक्टर. प्रमोदभाऊंनी सांगायला सुरुवात केली, "डॉक्टरसाहेब, मी तुम्हाला दिलेल्या मशीनमधली सिस्टीम खरी नव्हती. तिचे अपडेट येऊ नयेत म्हणून मी ते बंद करून ठेवले होते, नाहीतर पकडलं गेलं असतं..."

डॉक्टर एकदम उभे राहिले. "थांबा. अपडेट बंद होते म्हणजे?"

आम्हाला माहीत नव्हतं ते असं. काही महिन्यांपूर्वी त्यांच्या संगणकात व्हायरस शिरून सगळी माहिती कुलूपबंद झाली होती. पेशंटांच्या सोनोग्राफीचे, रक्ताच्या तपासण्यांचे जुने रिपोर्ट, सगळं गेलं. बाळंतपणाला आलेल्या बायांच्या आधीच्या नोंदी त्यांना दिसेनात. एका गरोदर बाईला ऐन वेळी जालन्याला पाठवावं लागलं. बाई आणि बाळ दोघं वाचली, पण डॉक्टरांची झोप उडाली होती. हे कशामुळे झालं, याचा ते तेव्हापासून शोध घेत होते. अपडेट बंद असले की अशा व्हायरसला दार उघडं राहतं, ते आता उलगडलं.

"आन् हे तुम्ही आता येऊन सांगताव?" डॉक्टर ओरडले. "आईला पुढं करून?"

ताई म्हणाल्या, "मी पुढं नाही डॉक्टर, मागं उभी आहे. तोच बोलतोय."

प्रमोदभाऊंचा चेहरा पांढरा पडला होता. ठाण्यातसुद्धा मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. ते खाली बसले, दवाखान्याच्या जमिनीवरच. तिथूनच म्हणाले, "मले वाटलं, कंपनी मोठी हाय, तिचं काय जाते..." वाक्य पुरं झालं नाही. ताईंनी ते पुरं करायला लावलं नाही. त्या मुलाशेजारी जमिनीवर बसल्या, दुखऱ्या गुडघ्यांसकट.

डॉक्टरांनी प्रमोदभाऊंकडून नवी सिस्टीम बसवून घेतली, पण पुन्हा कधी त्यांना काम दिलं नाही. त्यांचं चुकलं असं मला म्हणवत नाही. प्रमोदभाऊ मात्र त्या दिवसानंतर बदलले. आता त्यांचं दुकान लहान आहे. कुणी संगणक घ्यायला किंवा जुना अपग्रेड करायला आलं की ते आधी विचारतात, आधीचं लायसन्स कोणतं, मशीनसोबत आलेलं की वेगळं घेतलेलं, नव्यावर जाईल की नाही. काही गिऱ्हाइकं कंटाळून उठून जातात. ते जाऊ देतात.

आई-मुलाचं सगळं लगेच गोड झालं, असं मात्र मी लिहिणार नाही. एकदा जेवताना प्रमोदभाऊंनी माझ्यासमोर विचारलंच, "आई, त्या दिवशी मले बाजूले घेऊन सांगितलं असतं तं?" ताईंनी भाकरी मोडली. मग म्हणाल्या, "हाव. सांगायले पाह्यजे होतं. मले राग आला होता, अन् मी त्याले खरेपणा समजली." ताईंच्या तोंडून हे ऐकून मी घास हातात धरून बसून राहिले. सूनबाई उठून आत गेल्या. प्रमोदभाऊंनी ताटात भाजी वाढून घेतली, आईलाही वाढली.

अलीकडे जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमचे सुरक्षा अपडेट थांबले. आमच्या काही मशीन खऱ्या लायसन्सच्या असल्याने नव्या सिस्टीमवर सुखाने गेल्या. काही इतक्या जुन्या होत्या की त्यांना ती पेलवेना. त्या बदलाव्या लागल्या. ताईंनी ते काम प्रमोदभाऊंना दिलं. मशीन आल्या, लागल्या, मुली टाइप करायला बसल्या. मी ताईंना विचारलं, "तपासून पाहायचं का?"

"कायले?" त्या म्हणाल्या. "माझ्या मुलानं आणल्या."

हा लेख लिहायला घेतला तेव्हा माझी पंचाईत झाली. आईच्या गौरवग्रंथात मुलाची नामुष्की कशी लिहावी? मी कच्चा मजकूर घेऊन प्रमोदभाऊंकडे गेले आणि म्हटलं, नको असेल तर दुसरं काही लिहिते. त्यांनी दुकानाच्या पायरीवर बसून सगळं वाचलं. ठाण्याच्या भागाशी थांबले, चष्मा काढून पुसला. मग कागद परत देत म्हणाले, "पुरं छापा. माझं नाव राहू द्या. लोकाइले कळू द्या, ती बाकावर येऊन बसली होती."

ताई, पंचाहत्तरी पूर्ण केलीत, आता गुडघ्यांचं ऐका. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम चुकवू नका, विहारात जाताना काठी घेऊन जा आणि सकाळच्या बॅचला खुर्चीवर बसूनच शिकवा. तुम्हाला निरोगी, समाधानाचं, शंभर वर्षांचं आयुष्य लाभो. तुमच्या नातीचं बोट अजून कच्चं आहे, तिला मराठी टायपिंग तुमच्याच हाताखाली शिकायचं आहे. ती उद्या बुलढाण्याहून क्लासला येते आहे. दारातच नखं कापून तिला तुमच्याकडे आत पाठवते.